महाजन सरांची पाठ

मंगळवारी सकाळी महाजन सर त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, पलंगावरून उचलायला वाकले आणि तिथेच खाली बसले. वहिनी पलंगावर होत्या. खुर्ची खिडकीपाशी होती. सरांनी मला हाक मारली. मी जिना उतरून खाली गेले.

"नंदा, घाबरू नका," सर म्हणाले. "मी फक्त बसलो आहे."

"बसले नाहीत ते," वहिनी पलंगावरून म्हणाल्या. "शेजारी खुर्ची असताना फरशीवर कोण बसतं? अडकले. नळाची चावी अडकते ना, तसे अडकले. मी इथून म्हणू राहिले, हात द्या, तर म्हणतात, तुझ्या हाताचा काय उपयोग."

"असं म्हटलं नाही मी."

"मनात म्हटलं ना. मला ऐकू आलं."

सरांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते. त्यांचा एक हात पलंगाच्या काठावर होता, दुसरा वहिनींच्या पायावर. मी शेजारच्यांना बोलावून आणलं. दोघांनी मिळून सरांना आडवं केलं. मग त्या दोघांनाच वहिनींना उचलून खुर्चीत बसवायला सांगावं लागलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. परक्या हातांनी उचललेलं त्यांना आवडत नसे. त्या दिवशी खिडकीत बसूनही त्या गल्लीतल्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मी बुऱ्हाणपूरच्या लालबागेत सरांच्या वरच्या खोलीत राहते. आम्ही एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळायची. सर निवृत्त झाले, मी अजून जाते. या हिवाळ्यात सर गेले. त्यांच्यावर चार शब्द लिहून द्या, असं शाळेनं मला सांगितलं, आणि मी फळ्यापुढचे सर आठवू लागले. ते आठवतात, पण आधी आठवते ती त्यांची पाठ.

फळ्यापुढची एक गोष्ट मात्र सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गणिताचं उत्तर बरोबर आलं की मुलं पेन्सिल खाली ठेवायची. सर म्हणायचे, "छान. आता दुसऱ्या रीतीनं करून बघा." मुलं कुरकुरायची. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, उत्तर तर तेच येईल ना?" सर म्हणाले, "येईल. पण रस्ता दुसरा दिसेल." ही सवय त्यांच्या घरातही शिरली होती. ते एक मराठी वर्तमानपत्र घ्यायचे आणि एक हिंदी. एकच बातमी दोन्हीकडे वाचायची, मग मत द्यायचं. चप्पल घ्यायची तरी दोन दुकानं. दुकानदाराला त्यांचा एकच प्रश्न असे, "तुमच्या घरच्यांसाठी यातली कोणती नेली असती?" पुष्कळ दुकानदार या प्रश्नावर गडबडत, आणि जो गडबडे त्याच्याकडून सर काही घेत नसत.

वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली. जीभ वाचली. यात नशीब कुणाचं, सरांचं की वहिनींचं, यावर दोघांचं एकमत नव्हतं. मुलगी रेखा सुरतला असते. तिनं त्यांना काही महिने तिकडे नेलं होतं. तिथून वहिनी परत आल्या त्या एकच वाक्य घेऊन, "तिथं खिडकी उघडली की दुसऱ्याचा एसी दिसतो." मग सरांनी आपल्या घरातली खुर्ची खिडकीला लावली. रोज सकाळी ते वहिनींना पलंगावरून उचलून मोरीत नेत, तिथून खुर्चीत आणत. खुर्चीत बसल्या की वहिनी भाजीवाल्यापासून सायकलवरच्या मुलांपर्यंत सगळ्यांची हजेरी घेत. घर पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटे.

मंगळवारी त्यात खंड पडला. रात्रीच रेखाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"पप्पा, आता बस झालं. आईला मी घेऊन जाते. तुम्हीपण चला."

"मला जरा बघू दे."

"काय बघणार? तुमच्याच्यानं उचलणं होणार नाही. रोज बाहेरची माणसं बोलावणार का? दिवाळीला येते मी. तोवर जमलं तर ठीक, नाही तर आईचं सामान बांधायचं."

फोन बंद झाल्यावर वहिनी छताकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, माझं सामान काय आहे बांधायला? मीच सामान आहे."

दुसऱ्या दिवशी सर रिक्षातून दोन ठिकाणी जाऊन आले. सोबत मी होते.

आधी इंदूरचे डॉक्टर. ते दर आठवड्याला बुऱ्हाणपूरला येत. मणक्यांना हातानं झटका देऊन पाठ मोकळी करणारे, म्हणजे कायरोप्रॅक्टर. आमच्याकडे त्यांना सगळे टकटकवाले डॉक्टर म्हणत, कारण मोबाइलवर त्यांच्यासारख्यांचे व्हिडिओ फिरत आणि त्यात पाठीचा आवाज स्पष्ट ऐकू येई. बाहेर बाकावर निंबोल्याचे, शाहपुरचे शेतकरी बसले होते, कुणाची मान, कुणाची कंबर. आत डॉक्टर तरुण, शांत, शिकलेले होते. त्यांनी सरांना वाकायला लावलं, पाय उचलून पाहिले. सरांनी त्यांना आपला प्रश्न विचारला, "तुमच्या वडिलांची पाठ असती तर काय केलं असतं?"

डॉक्टर गडबडले नाहीत. म्हणाले, "झटका दिला असता. आराम पडला असता. पण तो टिकणं न टिकणं ते घरी काय करतात त्यावर. वडील ऐकत नाहीत हो."

मग शनवाऱ्याजवळ सायमा मॅडम. फिजिओथेरपिस्ट. लहान चणीची, वेगानं बोलणारी बाई. त्यांनाही तोच प्रश्न.

"अंकल, मेरे अब्बा होते ना, तो सबसे पहले उठाना बंद करवाती. रोज व्यायाम. दोन महिने लागतील, शायद जास्तच. मी झटका नाही देत."

घरी आल्यावर सरांनी वहिनींना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या, दोन वर्तमानपत्रं वाचून दाखवत तशा. वहिनींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे एक म्हणतो आज, एक म्हणते दोन महिने."

"साधारण तसंच."

"अन् मला सकाळी उठल्या उठल्या मोरीत जायचं असतं. तेपण दोन महिन्यांनी जाऊ का?"

यावर सरांजवळ दुसरी रीत नव्हती. ते इंदूरच्या डॉक्टरांकडे गेले.

आणि पाठ खरंच मोकळी झाली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक त्या डॉक्टरांना नाही नाही ते बोलले आणि सरांना ते कधी पटलं नाही. वाकडे गेलेले सर सरळ चालत घरी आले. दारातूनच ओरडले, "चला बाईसाहेब!" आणि त्यांनी वहिनींना उचललं. वहिनी हसत होत्या. "आवाज आला का हो पाठीचा? मोठा आला का?" "वर्गात खडू मोडतो ना, तसा," सर म्हणाले.

त्या आठवड्यात खिडकीतली हजेरी पुन्हा सुरू झाली. मग एका सकाळी पाठ धरली. सर पुन्हा गेले. या वेळी डॉक्टरांनी बजावलं, आता काही दिवस वजन उचलायचं नाही. सरांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी वहिनींना उचललं. मी काही बोलण्याआधीच मला म्हणाले, "नंदा, वजन उचलू नका म्हणाले. हिला वजन म्हणू का मी?"

मग चपलेचा दिवस आला. सर बाजारातून परत येत होते. डाव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना कळलंच नाही. ते एका चपलेनं गल्लीच्या तोंडापर्यंत आले. मागून एक भाजीवाली ती चप्पल हातात घेऊन धावत आली. "गुरुजी, चप्पल टाकून चालले ना तुम्ही! कोणाच्या विचारात आहे?" लोक हसले. सरही हसले. खिडकीत वहिनी हसल्या नाहीत. त्यांना स्वतःचा पाय आठवला. अर्धांगवायू होण्याआधी त्यांच्याही पायातून चप्पल अशीच निसटली होती.

"मास्तर, हे पाठीचं नाही. डोक्याचं असेल. दाखवा."

सर इंदूरच्या डॉक्टरांकडे गेले ते पाठीला झटका घ्यायलाच. डॉक्टरांनी पायाचा अंगठा वर करायला सांगितला. उजवा झाला. डावा अर्धाच झाला. डॉक्टरांनी पुन्हा करून पाहिलं आणि हात मागे घेतले.

"सर, आज मी तुमच्या पाठीला हात लावणार नाही. नस दबली आहे. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, फोटो काढा. ऑपरेशन नको म्हणाले, तर व्यायाम शिकवणाऱ्यांकडे जा. माझ्याकडे नको."

"एकदा द्या हो, हलकासा," सर म्हणाले. मी त्यांना कुणाची विनवणी करताना तेवढं एकदाच पाहिलं. "सकाळी तिला उठवायचं असतं."

"म्हणूनच नाही देत," डॉक्टर म्हणाले.

फोटो निघाले. मणक्यांमधली गादी सरकली होती. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, पण पायातली ताकद आणखी कमी झाली तर त्याच दिवशी या. तोवर उचलणं बंद. नातेवाईक म्हणाले, जळगावकडे आणखी एक जण आहे, तो नाही म्हणत नाही. सर म्हणाले, "जो नाही म्हणत नाही त्याला विचारून काय उपयोग?" ते सायमा मॅडमकडे गेले.

सायमा मॅडम घरी आल्या. त्यांनी सरांची पाठ नंतर पाहिली. आधी म्हणाल्या, "अंकल, आंटीको आप कैसे उठाते हो, दाखवा. आंटीको नहीं, ह्या गादीला उचलून दाखवा. जपून." गादीची गुंडाळी पलंगावर ठेवली होती. सर पलंगाशी गेले. कमरेतून खाली वाकले, डावा खांदा गुंडाळीखाली घातला, गादी खांद्यावर ओढून घेतली, एका दमात वर उठायला लागले आणि त्याच दमात खिडकीच्या बाजूला वळायला लागले. "बस, बस!" मॅडम ओरडल्या. "हे कुठं शिकलात?"

उत्तर वहिनींनी दिलं.

"बहादरपुरला. केळीत. हे घड उचलू राहिले, मॅडम."

तोपर्यंत आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. सरांचं घर मूळचं बहादरपुरचं, बागायतदाराचं. सुट्टीत ते कापणीला जात. केळीचा घड कापला की तो जमिनीला टेकू द्यायचा नाही. खाली आधीच माणूस खांदा देऊन उभा असतो. त्यानं खाली जायचं, घड अलगद अंगावर घ्यायचा, आणि मध्ये कुठे न थांबता उठून चालू लागायचं. थांबलं की घड आपटतो, केळं काळं पडतं, व्यापारी घेत नाही. सरांच्या अंगात ते लहानपणीच मुरलेलं. त्यांनी बायकोला तीन वर्षं त्याच काळजीनं उचललं होतं, कुठे आपटू न देता, मध्ये न थांबता.

मॅडमना घडाचं सगळं समजावून सांगावं लागलं. ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "ठीक आहे अंकल, पण एक बात सोचो. घडाला पाय नसतात."

"मला एक आहे ना," वहिनी म्हणाल्या. "चांगला आहे. कोणी विचारलंच नाही त्याला."

मला वाटतं, सरांच्या आयुष्यात दुसरी रीत त्यांना इतरांनी दाखवावी असं ते एकदाच घडलं.

त्यानंतर खालच्या खोलीत दोघांची शाळा भरू लागली. सकाळी वहिनींना उठवायला मंदाबाई नावाची एक बाई येऊ लागली. वहिनी तिच्याशी आधी आठवडाभर भांडल्या, मग तिच्या सुनेची सगळी हकिकत त्यांना पाठ झाली. सर सतरंजीवर पालथे पडून कोपरांवर छाती उचलत. गुडघे वाकवून, पाठ न वाकवता खाली जायचा सराव करत. वर पलंगाच्या काठावर वहिनी. डावा पाय मागे घ्यायचा, पुढे झुकायचं, डाव्या हातानं काठ दाबायचा, बूड उचलायचं. सुरुवातीला त्या वीतभर उठत आणि पुन्हा बसत.

"उठल्या का?" खालून पालथे पडलेले सर विचारत.

"उठले. तुम्हाला दिसलं नाही, तो माझा दोष नाही."

"पुन्हा करा."

"तुमचा अंगठा उठला का ते बघा आधी. माझ्यावर मास्तरकी करू राहिले."

सरांनी निवारीचा रुंद पट्टा शिवून घेतला. पलंगाला ताणतात तीच निवार. तो वहिनींच्या कमरेला बांधायचा, म्हणजे धरायला जागा होते आणि काखेत हात घालून ओढावं लागत नाही. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला हवी. म्हणजे वहिनींच्या डावीकडे. खिडकी होती उजवीकडे. खिडकी हलवता येत नव्हती, म्हणून पलंग फिरवला. फिरवल्यावर वहिनींचं डोकं उत्तरेला आलं.

यावरून सरांच्या बहादरपुरच्या थोरल्या भावजयींनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तोंडावर हात ठेवला. "भाऊजी, उत्तरेला डोकं? जित्या माणसाचं?"

"यमाला यायचं तर तो दिशा बघून येईल का?" पलंगावरून वहिनी म्हणाल्या. "तो काय नवा पोस्टमन आहे?"

सर मात्र त्या दिवशी अस्वस्थ होते. संध्याकाळी मला म्हणाले, "मी मानत नाही. पण पलंग पुन्हा फिरवावा का, असं दिवसभर मनात येऊ राहिलं." पलंग फिरवला नाही. वहिनींनी फिरवू दिला नाही.

दिवाळीच्या आधी रेखा आली. येताना ती मोठी रिकामी बॅग घेऊन आली होती. बॅग दारात ठेवून ती आत आली तेव्हा वहिनी पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. सर समोर गुडघे वाकवून, निवारीच्या पट्ट्याला फक्त बोटं लावून उभे. वहिनी झुकल्या, दाबल्या, उठल्या, मध्येच थांबल्या. श्वास घेतला. मग डाव्या पायावर फिरून खुर्चीत बसल्या. सगळ्याला चांगला वेळ लागला. रेखा रडली नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही उचललंच नाही."

"उचलायचं नसतंच," सर म्हणाले. "मला उशिरा कळलं."

बॅग रिकामीच परत गेली. रिकामी म्हणजे, वहिनींनी तिच्यात फराळ भरून दिला.

सरांची पाठ पूर्ण बरी झाली नाही. अंगठा उठू लागला, चप्पल टिकू लागली, पण फार वेळ बसलं की ते अवघडत. सभांना ते भिंतीला टेकून उभे राहत. एखाद्यानं पाठीसाठी सल्ला विचारला तर ते सायमा मॅडमचं नाव लगेच सांगत नसत. विचारत, "घरी काय उचलता?" आणि कुणी टकटकवाल्या डॉक्टरांना नावं ठेवली की त्याला थांबवत. एकदा ते जिलबीचा पुडा घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. बाकावर माणसं बसलेली. डॉक्टरांना वाटलं, पाठ पुन्हा धरली. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "नाही, नाही. तुम्ही त्या दिवशी हात लावला नाही, त्याबद्दल आलो." डॉक्टर ओशाळले. बाकावरच्या एका शेतकऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हात नाही लावला तरी मिठाई? मंग लावला तर काय देतात?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका संध्याकाळी. वाचनालयातून दोन पुस्तकं आणली होती, ती द्यायला खाली गेले. दार उघडं होतं. वहिनी खुर्चीतून पलंगावर यायला निघाल्या होत्या. त्या अर्ध्या उठून थांबल्या होत्या, डावा हात खुर्चीच्या दांडीवर, तोंड लाल. सर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. पट्टा कमरेला नव्हता, खुंटीवर होता. सरांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट. धरलेल्या हातांची बोटं पांढरी पडली होती. मी दारातच थांबले. वहिनी डगमगल्या. सरांचे खांदे पुढे आले. हात मागेच राहिले.

"तोंडाकडे काय बघू राहिले?" वहिनी म्हणाल्या. "बाजूला व्हा, मला पलंग दिसू द्या."

सर बाजूला झाले. वहिनी फिरल्या आणि पलंगावर बसल्या. मग सरांनी मागे वळून मला पाहिलं आणि पुस्तकांसाठी हात पुढे केला. मनगटावर बोटांचे वळ होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले आणि झोपेतच गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पाठीचा संबंध नव्हता. रेखा आली, तेराव्यापर्यंत राहिली. जाताना तिनं आईला सुरतला चल म्हटलं. एकदाच म्हटलं.

आता सर नाहीत. वहिनी रोज सकाळी स्वतः उठतात आणि खुर्चीत बसतात.